पाटावरचा समाज, बोअरवरची माणसं

फडातल्या शेताला पाणी शेतकरी देत नाही, जागल्या देतो. बाकी महाराष्ट्रात ज्याचं शेत त्याने बांधावर उभं राहून दारं धरायचं असतं. खानदेश-बागलाणच्या पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांच्या काठी तीन-चारशे वर्षं चालत आलेल्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत मात्र चारीतून, म्हणजे पाटाच्या फाट्यातून, शेताकडच्या सारंगात पाणी घेणं, एक शेत भिजलं की ते दारं बुजवून पुढचं फोडणं, असं फडाच्या शेवटच्या बांधापर्यंत ओळीने जाणं हे नेमलेल्या माणसाचं काम. शेत पंचांचं आहे की एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मालकाने मध्येच हात घातला तर त्याला दंड.

समाजाने एकमेकांना धरून राहावं, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. गणपतीच्या मंडपात सांगतात, जातीच्या मेळाव्यात सांगतात, प्रचाराच्या भाषणात तर सांगतातच. पण धरून राहायचं म्हणजे नेमकं काय धरायचं, हे कुणी सांगत नाही. फडाचं उत्तर साधं आहे: आधी दारं कुणी धरायचं ते ठरवा. एकोपा ही मनात उगवणारी गोष्ट आहे, असं आपण समजून चाललो आणि तिथेच फसलो. वाटणी चोख असली, तिचा हिशेब उघडा असला आणि तो मोडणाऱ्याला भोगावं लागत असलं, तर एकोपा मागून येतो. वाटणी बिघडली की भाषणांनी तो टिकत नाही. निरोगी समाज म्हणजे भांडणं नसलेला समाज, असंही नाही. भांडण कुठे न्यायचं हे ज्याला ठाऊक आहे, तो निरोगी.

फड म्हणजे काय, हे खानदेशातल्याच पुष्कळांना आता ठाऊक नसतं, म्हणून थोडं तपशिलात. नदीवर दगडी बंधारा. त्याच्या एका अंगाने निघणारा कालवा, म्हणजे पाट, लांबी दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत. पाटातून निघते चारी, चारीतून सारंग, सारंगातून शेत. भिजणाऱ्या एकूण रानाचे तीन-चार मोठे भाग, तेच फड. एकेक फड दहा हेक्टरचाही असतो आणि शंभराच्या वरचाही, पण सरासरी वीस-पंचवीस हेक्टरची. एका फडात एका हंगामाला एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा आणि कोणता पडीक, हे नदीला पाणी किती आहे ते बघून दरवर्षी गाव ठरवतं. पाटावर देखरेख हवालदाराची, पाणी सोडणं-बंद करणं पाटकऱ्याकडे, शेतात पाणी देणं जागल्याकडे. पगार पूर्वी धान्याच्या रूपात, पिकाच्या वाट्यातून.

यात किती बारकाई आहे ते हिशेबानेच कळतं. पाट सेकंदाला साडेचारशे लिटर वाहतो असं धरू. म्हणजे तासाला १,६२० घनमीटर. पंचवीस हेक्टरच्या फडाला सहा सेंटिमीटर पाणी द्यायचं तर १५,००० घनमीटर लागतं, म्हणजे कागदावर सव्वानऊ तास. पण पाट मातीचा. एक तृतीयांश पाणी वाटेत झिरपलं तर तेच काम चौदा तासांवर जातं. पाटात गाळ साचून वहन निम्म्यावर आलं, तर अठ्ठावीस. म्हणजे दिवस-रात्र पाणी चालू ठेवूनही पुढच्या फडाची पाळी अर्ध्या दिवसाहून जास्त मागे पडते, आणि ऐन ओंबीत आलेल्या गव्हाला तेवढंही पुष्कळ असतं. म्हणून पाटाचा गाळ काढणं हा धर्मादाय उद्योग नव्हता. जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाने माणूस द्यायचा, नाहीतर पैसा. श्रमदान हा शब्द तिथे लागू पडत नाही, कारण यात दान कसलंच नाही. ती बाकी आहे, आणि ती चुकवावी लागते.

फडाची खरी अक्कल जमिनीच्या वाटणीत आहे. बहुतेक खातेदारांचा तुकडा प्रत्येक फडात असतो. त्यामुळे एक फड पडीक ठेवायचा ठराव झाला की सगळ्यांचंच थोडंथोडं पडीक राहतं, आणि उसाचा फड ठरला की थोडा ऊस सगळ्यांच्या वाट्याला येतो. पाणी कमी आहे हे मान्य करायला माणूस का कचरतो? कमी पडलेलं पाणी नेमकं आपल्याच शेताचं तोडलं जाईल, ही भीती असते. फडात ती भीतीच काढून टाकलेली आहे. सरकारी कालव्यावर शेजपाळीचा, म्हणजे शेताशेताला पाळीने पाणी देण्याचा, तक्ता कितीही नेटका लिहा, कालव्याच्या डोक्याकडच्याचं शेत डोक्याकडेच राहतं आणि शेवटाचा टेलवाला टेललाच. त्याने बोंब मारावी आणि वरच्याने ऐकू न आल्यासारखं करावं, असा तो संसार चालतो. दोघांचं हितच वेगळं, मग एकोपा कुठून येणार?

आणखी एक भाग आहे, ज्याकडे फडाचं कौतुक करणाऱ्यांचंही फारसं लक्ष जात नाही. तो म्हणजे सांडम. पाटाला आणि चारीला जागोजागी जास्तीचं पाणी पुन्हा नदीकडे काढून देणारी वाट ठेवलेली असते. काळ्या जमिनीत पाणी मुरत राहिलं आणि निचरा झाला नाही, तर खालचे क्षार वर येतात, पांढरी फुली दिसू लागते आणि पाच-दहा वर्षांत रान चोपण, म्हणजे पीक न येणारं, होतं. फडात पडीक ठेवायची पाळी आणि सांडम, या दोहोंनी जमीन वाचली. गावातल्या रागाचंही तसंच असतं. पंचांपुढे बोलायची एक ठरलेली वाट होती. निकाल पटो न पटो, राग साचून राहत नसे. आज बांधावरचं भांडण थेट तहसीलला, तिथून कोर्टात, आणि वीस वर्षं तारखांवर. निचऱ्याची वाटच बुजली, मग फुली दिसणारच.

बहुतेक ठिकाणी हे सगळं मोडलं कसं? एका कारणाने नाही. लाटीपाडा, मालनगाव आणि नंतर अक्कलपाडा अशी धरणं वर झाली आणि बंधाऱ्यातला वाहता प्रवाह सोडलेल्या आवर्तनावर अवलंबून राहू लागला. पाणी कधी येणार हे गावाच्या हातातून गेलं, मग कोणता फड पडीक ठेवायचा हा ठराव करण्यात अर्थ उरेना. पाठोपाठ विजेचा पंप आला. पाटाच्या काठच्या शेतकऱ्याने पाटातच पंपाचा फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप, सोडला, की जागल्या राखणार तरी काय? ज्याच्याकडे विहीर झाली त्याने गाळ काढायला माणूस देणं बंद केलं. चार घरांनी बंद केलं की पाचवं विचारतं, मीच का? जागल्याचा पगार थकला, तो गिरणीत किंवा सुरतेला गेला, आणि रात्रीचं पाणी ज्याच्या मनगटात जोर त्याचं झालं. क्रम लक्षात घ्या. एकमेकांवरचा विश्वास आधी उडाला आणि मग व्यवस्था मोडली, असं झालं नाही. आधी पगार थकला.

बोअरवेलने माणसाला मोकळं केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते मोकळेपण केवढ्याला पडलं, हे जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात दिसतं. हे दोन्ही तालुके भूजलाचा अतिउपसा झालेले म्हणून सरकारदरबारी नोंदले गेले आहेत. हिशेब इथेही फार अवघड नाही. केळीला वर्षाला जे पाणी लागतं ते तिथल्या पावसाच्या दुपटीहून कमी नसतं, आणि पडलेल्या पावसातला मोठा भाग वाहून आणि उडून जातो. उरलेला फरक जमिनीच्या पोटातून येतो, म्हणजे शेजाऱ्याच्या बोअरखालूनही येतो. ठिबकने पाणी वाचतं खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लागली तर पातळी होती तिथेही राहत नाही. प्रत्येक शेतकरी आपापल्या जागी शहाणाच असतो. सगळ्यांचं शहाणपण एकाच भोकातून उपसलं जातं, एवढंच.

पाण्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. फडाला पाणी कमी पडलं तर ते गावाचं दुर्दैव होतं, त्याची चर्चा पारावर व्हायची आणि तोड निघायची. बोअर कोरडी गेली तर ती एकट्याची फजिती. खर्च त्याचा, कर्ज त्याचं, चूकही त्याचीच ठरते, आणि तो ते घरातही नीट सांगत नाही. संकट सारखंच, पण एकात सोबत आहे आणि दुसऱ्यात शरम. निरोगी समाज आणि आजारी समाज यांत फरक कुठे पडतो, असं कुणी विचारलं तर हेच बोट दाखवावं लागेल. अहिराणीत ‘मनं पानी’ आणि ‘आपलं पानी’ यांत एका शब्दाचंच अंतर आहे.

आता आक्षेप, आणि तो खराच आहे. फडाचं एवढं कौतुक करताना जागल्या कोण होता, हे विसरायचं का? खानदेशात गावाची राखण करणारा जागल्या बहुधा भिल्ल असे. साऱ्या गावाच्या रानाला पाणी पाजणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर त्या फडात शेत नसे. पंचांत तो नसे, बाया नसत, मजूर नसत. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला ‘आपलं पानी’ म्हणायचा अधिकारच नव्हता. जुन्या गावातलं पुष्कळसं ऐक्य हे ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांच्या गप्प बसण्यावर उभं होतं. गावाने वाळीत टाकलेल्याला बोअरने पहिल्यांदा स्वतःचं पाणी दिलं, हे ज्याला दिसत नाही त्याने समाजभावनेवर लिहू नये. तेव्हा जुनं गाव जसंच्या तसं परत आणा, असं म्हणणं नाही. फडातून घ्यायचं ते वाटणीचं तंत्र. सभासदत्वाची अट नवीन लिहावी लागेल.

इथे एक गल्लत नेहमी होते. खानदेशात माणसं एकत्र येत नाहीत, असं कुणी म्हणूच शकत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेली घरं गावी येतात. प्रसादाच्या रोटासाठी घरोघरी गहू मोजून निघतो, भाऊबंदकीत वर्षभर अबोला असला तरी त्या दिवशी एका पंगतीला बसावं लागतं. हिवाळ्यात शेतात भरीत पार्ट्या होतात, बामणोदची वांगी पऱ्हाट्यांवर भाजली जातात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर शंभर-दीडशे माणसं जेवून उठतात. यात्रेत बारागाड्या ओढल्या जातात. हे सगळं हवंच, त्याशिवाय जगणं अळणी. पण कानबाईचा रोट भाऊबंदांपुरता असतो, भरिताला बोलावणं ओळखीतल्यांना असतं. आपल्यासारख्यांबरोबर बसणं सोपं. समाज म्हणून कस लागतो तो ज्याच्याशी आपलं नातं नाही, जात नाही, कदाचित पटतही नाही, पण ज्याच्या शेतावरून आपली चारी जाते, त्याच्याशी वागताना. जातीचे मेळावे वाढले आणि पाट बुजले, हे दोन्ही एकाच काळात झालं. याचा अर्थ मेळाव्यांनी पाट बुजवले असा नाही. पण मेळाव्याला गेलं की समाजाचं काम झालं, ही समजूत त्यांनी नक्कीच पसरवली.

दुसरी गल्लत उत्साहाची. पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत खानदेशातले तालुकेही उतरले होते. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस, ऐन उन्हाळ्यात पहाटे माणसं डोंगरावर चर खोदायला जात होती. ते दृश्य खोटं नव्हतं. पण सलग समतल चर हा खोदला की संपत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो, त्याच्या काठावर गवत-झाडं लावलेली नसली तर आणखी लवकर, आणि एकदा भरला की पाणी त्याच्यावरून पूर्वीसारखंच धावतं. खोदणाऱ्यांची यादी प्रत्येक गावात आहे, फोटोही आहेत. तिसऱ्या वर्षी गाळ कोण काढणार, याची यादी किती गावांनी केली? स्पर्धेला शेवटचा दिवस असतो, देखभालीला नसतो. म्हणून देखभालीला उत्साह पुरत नाही, तिथे हवालदार लागतो.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे या दृष्टीने बघण्यासारखं आहे. तिथे जंगल राखण्याचं काम उभं करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांत झाडांचे आकडे आले. पण झाडं उगवतातच, त्यांना तोडलं नाही आणि चरू दिलं नाही तर. तिथे गावाने १९९० च्या दशकात ठरवलं ते तोडू न देण्याचे नियम, राखणीची पाळी आणि दंड. चारशेहून अधिक हेक्टर जंगल त्यातून उभं राहिलं, आणि त्याच्याखालच्या विहिरींना पाणी आलं. शिवाय नियम मोडणारा आपल्याच पाड्यातला, बहुधा नात्यातलाच असतो, आणि तरी दंड घ्यायचा असतो. खरी कसोटी तीच. परक्याला दंड कुणीही लावतो. वनभाज्यांची स्पर्धा तिथे दरवर्षी होते, ती मला राखणीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण जंगलातली कोणती भाजी कधी खुडायची हे ज्या बायांना ठाऊक आहे, त्या त्यानिमित्ताने गावाच्या मधोमध येतात. फडाच्या पंचांत त्यांना जागा नव्हती.

कायद्याची अडचण आता फारशी उरलेली नाही. शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करण्याचा कायदा महाराष्ट्रात २००५ पासून आहे, त्याखाली पाणी वापर संस्था काढता येते. वनहक्क कायदा २००६ चा, त्यात सामूहिक वनहक्काची तरतूद आहे, आणि नंदुरबारच्या अनुसूचित क्षेत्रात आदिवासी गावांच्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून. अडचण ग्रामसभेच्या खोलीत आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांतलं जे कमी असेल ते पुरतं. एवढीही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पुढच्या तारखेला दहा-बारा माणसं बसतात, रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात आणि ठराव ‘सर्वानुमते’ पास. लोक येत नाहीत म्हणून सरपंचाला दोष देणं सोपं आहे. पण ज्या सभेत आपल्या शेताचं, आपल्या दाराचं काहीच ठरत नाही, तिथे मजुरी बुडवून माणसाने यावं तरी कशाला? फडाच्या बैठकीला न जाऊन भागत नसे, कारण उसाचा फड कोणता, हे तिथेच ठरायचं.

म्हणून ज्या गावाला खरंच काही करायचं आहे, त्याने मोठ्या नावाची समिती काढू नये. एक चारी घ्यावी, किंवा एक नाला, किंवा बोअर असलेली वीस-पंचवीस शेतं. सभासद दहाच्या खाली नकोत, कारण मग ती मित्रमंडळी होते. पन्नासच्या वर गेले तर एकमेकांचं शेत कुणाला माहीत राहत नाही. गावातल्या पाच विहिरींची पाणीपातळी दोरीला गाठ मारून मोजावी, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एकदा आणि मार्चमध्ये एकदा, आणि आकडे चावडीच्या भिंतीवर रंगाने लिहावेत. कागदावर लिहिलेला आकडा कपाटात जातो, भिंतीवरचा चहाच्या टपरीवर जातो. ऑक्टोबरच्या आकड्यावरून रब्बी आणि बारमाही पीक किती एकर सोसेल ते ठरवावं, आणि कपात करायची तर प्रत्येकाच्या क्षेत्रातून सारख्या प्रमाणात करावी. कुणा एकाचं पूर्ण बंद आणि दुसऱ्याचं पूर्ण चालू, असं केलं की दुसऱ्याच वर्षी समिती फुटते. दंड लहान ठेवावा, पण पहिल्या चुकीलाच घ्यावा. मोठा दंड कुणी घेत नाही, आणि न घेतलेला दंड नियमाला मारतो. भूमिहीनांना सभासदत्व द्यावं, मजुरीच्या कामात पहिला हक्क आणि बैठकीत मत, दोन्ही. आणि राखणारा जो कुणी नेमाल, त्याचा पगार वर्षाच्या सुरुवातीला गोळा करून बँकेत ठेवावा.

पाळी कधी आहे, हे विचारायला माणसं आपणहून येतात, त्यासाठी दवंडी लागत नाही. जागल्याचा पगार कुणाकडे थकला आहे, ती यादीही त्याच भिंतीवर पाणीपातळीच्या खाली लिहावी, पंचांची नावं आधी.